झुलणारं इंजिन

मी लग्न होऊन सासरी आले तेव्हा सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायची आमच्याकडं रीत नव्हती. काही सांगायचं झालं तर ते सासूबाईंना सांगायचं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. मामंजी दोन हातांवर बसलेले असले, मी म्हटलेलं त्यांना स्वच्छ ऐकू गेलेलं असलं, तरी आत्याबाई ते पुन्हा म्हणून दाखवायच्या आणि मगच मामंजी उत्तर द्यायचे. ते उत्तरही आत्याबाईंनाच. माझे मालक पलटणीत होते, दूर सरहद्दीवर. घरात आम्ही तिघंच. त्यामुळं आत्याबाईंचा अर्धा दिवस इकडचं तिकडं सांगण्यातच जायचा.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. आमचं गाव आष्ट्याच्या जवळचं, कृष्णाकाठचं. उसाची जमीन, आणि मळ्यात स्वतःचं गुऱ्हाळ. मामंजीही पलटणीतूनच निवृत्त झालेले. तिथं ते मोठ्या गाड्या चालवत. गावी आल्यावर त्यांना चाकांवाचून करमेना. सांगलीच्या बाजूच्या एका जैन शेतकऱ्यानं नवा डिझेलचा ट्रॅक्टर घेतला होता आणि त्याचा जुना, विलायती बनावटीचा ट्रॅक्टर तो विकत होता. मामंजींनी तो आणला. पेट्रोलवर सुरू करायचा आणि गरम झाला की रॉकेलवर चालवायचा. लाल रंग उडून विटकरी झाला होता, पण नांगरट झकास करायचा. मामंजी त्याला रोज पुसायचे. आत्याबाई म्हणायच्या, "बैलाच्या पाठीवरनं कवा हात फिरवला न्हाई, आन् ह्या लोखंडाला अंघोळ घालत्यात."

त्या वर्षी मामंजींनी ठरवलं, गुऱ्हाळाचा चरक ह्याच ट्रॅक्टरवर चालवायचा. ट्रॅक्टरच्या कडेला एक चाक होतं. त्यावरून लांब पट्टा चरकाच्या चाकावर टाकला की ट्रॅक्टर जागेवर उभा राहून चरक फिरवणार. गूळ करणारा गुळव्या ठरला, रस आटवायची काहील घासून झाली, तिच्याखालचं चुलाण सारवलं. पहिल्या दिवशी पूजा करून ट्रॅक्टर सुरू केला आणि चरकात ऊस घातला.

तेव्हा कळलं की इंजिन एका चालीनं पळत नाही. ऊस घातला की दबायचं, मग एकदम उसळायचं, परत दबायचं. ऊस नसतानाही तसंच. घूंऽऽ घूंऽऽ करत वर जायचं, खाली यायचं. झोपाळ्यावर कुणी बसावं तसं. नांगरताना हे कधी जाणवलं नव्हतं, कारण तेव्हा मामंजींचा हात वेगाच्या दांड्यावर असायचा आणि लक्ष नांगराच्या तासाकडं. इथं मात्र प्रत्येक उसळीला पट्टा थरथरायचा आणि घसरून खाली पडायचा. पट्टा पडला की चरक थांबला. चुलाणात जाळ, काहिलीत अर्धाच रस. गुळव्या वैतागला. "मामा, असल्यानं गूळ न्हाई, काकवी हुईल," म्हणाला.

मामंजींनी मलकापुरातून एक मिस्त्री बोलावला. तो आला, त्यानं कान दिला, हात फिरवला आणि म्हणाला, "गव्हर्नर गेलाय. ह्याचं सामान आता मिळत न्हाई. मी तार बांधतो." इंजिनाला रॉकेल किती जावं हे ठरवणारी एक झडप कार्बोरेटरमध्ये असते, आणि इंजिनाची चाल बघून ती उघडतो-मिटतो तो गव्हर्नर. त्या झडपेलाच त्यानं तारेनं एका जागी जखडून टाकलं. झुलणं थांबलं. मिस्त्री चहा पिऊन गेला आणि गुऱ्हाळ सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी मी भाकरीची पाटी घेऊन मळ्यात गेले. मामंजी चरकापाशी उभे होते. मी ट्रॅक्टरच्या पुढून चालले होते आणि तेवढ्यात पट्टा सुटला. सुटला तो सापासारखा उडून बांधावर जाऊन पडला. आणि इंजिनावरचा भार गेला तसं ते सुसाट सुटलं. झडप तारेनं बांधलेली, आवरणार कोण? असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. सगळा ट्रॅक्टर जागेवर नाचायला लागला, धुराड्यातून ठिणग्या. माणसं मागं पळाली. मामंजी ट्रॅक्टरकडं धावले, पण ते लांब होते. मी जवळ होते. मामंजी रोज कोणतं बटण ओढून इंजिन बंद करतात ते मी जाता येता पाहिलेलं होतं. पाटी टाकली आणि ते बटण ओढलं. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

डोक्यावरचा पदर कधीच खाली आला होता. भाकऱ्या मातीत. मामंजी समोर येऊन उभे राहिले, धापा टाकत. मी पदर सावरला आणि मान खाली घातली.  त्यांनी खिशातून पक्कड काढली आणि मिस्त्रीनं बांधलेली तार तोडून टाकली.

संध्याकाळी बाहेरच्या सोप्यात बसून त्यांनी आत्याबाईंना विचारलं, "तिला इचार, लागलं का कुटं?"

मी चुलीपाशी होते. "न्हाई म्हना," मी म्हटलं.

"न्हाई म्हनती."

"तिला इंजानाचं काय ठावं हाय का इचार."

मला ठाऊक होतं, थोडंसं. माझं माहेर तासगावजवळचं आणि वडिलांची पिठाची गिरणी होती. गिरणीचं इंजिन जुनं, संथ चालीचं, त्याचा गव्हर्नर उघड्यावर फिरायचा. दोन लोखंडी वजनं. इंजिन जोरात पळालं की ती बाहेर फेकली जायची आणि झडप मिटायची. इंजिन दमलं की स्प्रिंग त्यांना आत ओढायची आणि झडप उघडायची. दळण घेताना, डबे मांडताना मी ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं. एकदा आमचं इंजिनही असंच झुलायला लागलं होतं, तेव्हा वडिलांनी स्प्रिंग बदलली होती. एवढंच माझं ज्ञान.

हे सगळं मी चुलीपासून सांगितलं आणि आत्याबाईंनी सोप्यात पोचवलं. "वजनं भाईर जात्यात म्हनं. आन् मग कसली तरी झडप मिटती म्हनं. आन् स्प्रिंग सैल झाली आसंल म्हनती."

 मामंजी म्हणाले, "तार बांधून मी न्हाई चालवायचो. मानूस मरंल. ज्यानं बनवलं त्यानं गव्हर्नर काय उगंच बसवला व्हय? नीट करायचा."

तोडलेला ऊस दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या गुऱ्हाळावर पाठवला. आमचं चुलाण थंड झालं. उभ्या उसाला काही दिवस धीर होता, पण गुळव्याला नव्हता. त्याला दुसरीकडून बोलावणं होतं. मामंजींनी त्याला थांबवून घेतलं, आणि आम्ही कामाला लागलो.

आधी माझं म्हणणं. मामंजींनी गव्हर्नरची बाहेरच्या बाजूची स्प्रिंग काढली, कराडच्या बाजारात जाऊन तशीच पण जरा ताठ स्प्रिंग शोधून आणली. बसवली. इंजिन सुरू केलं. ते पहिल्यापेक्षा जोरानं झुलायला लागलं आणि त्याची चालही वाढली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आत्याबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पीठ दळायचं इंजान येगळं आन् हे येगळं, बाई. सोड आता."

मामंजींनी इंजिन बंद केलं. जुनी स्प्रिंग परत बसवली आणि म्हणाले, "तिला सांग, चुकलं तर चुकलं. पलटनीत आमी धा जागी खोलायचो तवा एक जागा सापडायची. म्होरं काय ते बोल म्हनावं."

त्या एका वाक्यानं मला बळ आलं. मीही मनाशी म्हटलं, ह्या इंजिनाला सरळ केल्याशिवाय आता थांबायचं नाही.

मग मामंजींच्या मनातलं केलं. रॉकेलमध्ये घाण असेल, म्हणून टाकी धुतली, गाळणी धुतली, कार्बोरेटर खोलून त्याचं एकेक भोक फुंकून साफ केलं. टाकीच्या तळाशी चमचाभर गंज आणि पाणी निघालं. ते बघून आम्हाला वाटलं, सापडलं. पण इंजिन सुरू केल्यावर ते झुलतच राहिलं, जरा कमी. आता मात्र आमच्या दोघांचेही अंदाज संपले होते.

मी परसात भांडी घासत होते. डोक्यात तेच. झुलणं इंजिनाचं का गव्हर्नरचं? दोघं एकमेकांत गुंतलेले, कळणार कसं? आणि मला सुचलं की एकाला बाजूला काढून बघावं. मी आत्याबाईंना म्हटलं, "मामंजींस्नी सांगा, गव्हर्नरपासनं झडपेकडं जी सळी जाती ती सोडवायची, आन् झडप हातानं धरून इंजान चालवायचं. हात हलवायचा न्हाई. तरीबी झुललं तर दोष इंजानात. न्हाई झुललं तर गव्हर्नरात."

आत्याबाई पीठ मळत होत्या. त्यांनी सांगायला सुरुवात केली, "ती म्हनती, सळी सोडायची, आन् हात..." मग त्या अडखळल्या. "काय गं, हात हलवायचा का न्हाई हलवायचा?" मी परत सांगितलं. त्यांनी परत चुकीचं सांगितलं. मामंजी बाहेरून म्हणाले, "कुटली सळी? वरची का बगलंची?" आत्याबाईंनी मला विचारलं. मी सांगितलं. शेवटी त्यांनी पिठाचा हात परातीवर आपटला.

"आवं, तुमचं तुमी बोला! माजी भाकरी करपाय लागली. वरची न् बगलंची! मला काय कळतंय त्यातलं? सुनंनं सासऱ्यासंगं बोललं तर आबाळ कोसळत न्हाई. कोसळलं तर मी बगून घेते."

 मी दाराच्या आड उभी होते. मामंजी खाकरले. मग म्हणाले, आणि ह्या वेळी आत्याबाईंना नाही, "वरची का गं, सूनबाई?"

"वरची, मामंजी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

आम्ही तिघंही मळ्यात गेलो. मामंजींनी सळी सोडवली. इंजिन तापणार होतं, म्हणून मी हाताला फडकं गुंडाळलं आणि झडपेचा छोटा दांडा चिमटीत धरला. मामंजींनी हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. मी श्वास रोखून धरलेला, हात दगडासारखा. इंजिन एका सुरात चालायला लागलं, गिरणीच्या जात्यासारखं. वर नाही, खाली नाही. मामंजींनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. आमच्या दोघांची नजरानजर तोवर कधी झाली नव्हती.

"इंजान निर्दोष हाय," ते म्हणाले. "मंजी गव्हर्नर, न्हाईतर ही सळी."

इंजिन बंद करून आम्ही सळी परत जोडली आणि ती हातानं मागंपुढं करून बघितली. मी झडपेवर बोट ठेवलं, मामंजींनी गव्हर्नरच्या बाजूनं सळी ढकलली. सळी हलायची, पण झडप लगेच हलायची नाही. थोडं अंतर सळी नुसतीच सरकायची आणि मग झडपेला धक्का बसायचा. दोन्ही टोकांच्या पिना झिजून बारीक झाल्या होत्या आणि त्यांची भोकं लांबट. मला एकदम उमगलं. इंजिन दमतंय हे गव्हर्नरला कळतं, पण झडपेपर्यंत निरोप उशिरा पोचतो. तोवर इंजिन आणखी दबलेलं. मग झडप जास्तच उघडते आणि इंजिन उसळतं. परत मिटायला उशीर. म्हणून ते झुलतं. ताठ स्प्रिंगनं चाल तेवढी वाढली, उशीर तसाच राहिला.

मामंजी सळी घेऊन आष्ट्याला एका लेथवाल्याकडं गेले. त्यानं भोकं गोल करून त्यात पितळी बुश बसवले आणि नव्या पिना काढून दिल्या. बसवल्यावर झुलणं निम्म्यानं कमी झालं. पण गेलं नाही. ऊस घातला की अजूनही एक हेलकावा यायचाच.

गुळव्यानं बोचकं बांधलं होतं. "मामा, येवढं चालतंय की आता. करा सुरू," तो म्हणाला.

मामंजींनी मला विचारलं, सगळ्यांसमोर, "चालंल का गं?"

मला हो म्हणता आलं असतं. सगळे थकले होते. मामंजींच्या बोटांना रॉकेलनं भेगा पडल्या होत्या. पण बांधावर उडून पडलेला तो पट्टा माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता. "न्हाई मामंजी. गव्हर्नर खोलाय लागंल," मी म्हटलं.

"मग खोलू," ते म्हणाले आणि नट खोलायचे पाने घेऊन बसले. गुळव्या बोचकं उशाला घेऊन चिपाडाच्या ढिगावर आडवा झाला.

गव्हर्नर इंजिनाच्या पोटाशी एका झाकणामागं होता. झाकण उघडलं तर आत काळी राळ. कित्येक वर्षं तो कुणी उघडलेलाच नव्हता. मामंजींचा पलटणीतला नियम होता, काढलेली वस्तू ज्या क्रमानं काढली त्याच क्रमानं मांडायची. मी जुनं धोतर अंथरलं आणि ते देतील तसं एकेक त्यावर ठेवत गेले. दोन्ही वजनं मी रॉकेलमध्ये धुतली. धुतल्यावर आपापल्या पिनेवर फिरवून बघितली. एक वजन बोट लावताच भिरकन फिरायचं. दुसरं अर्ध्या वाटेत अडायचं, जोर दिला की सुटायचं.

"मामंजी, हे बगा."

त्यांनी फिरवलं. अडलं. परत फिरवलं. परत अडलं. त्यांनी पिन ठोकून काढली आणि उन्हात धरली. पिनेला मधोमध खाच पडली होती. नख फिरवलं की नख अडकत होतं. वजन त्या खाचेत बसून राहत होतं.

 मामंजींनी ती पिन माझ्या तळहातावर ठेवली आणि कपाळाचा घाम पुसला. लोखंडाचा एवढासा तुकडा. त्याच्यापायी चुलाण थंड पडलेलं.

परत आष्टा. ह्या खेपेला मामंजी म्हणाले, "तूबी चल. लेथवाल्याला नीट सांगाय पायजे, वजन ढिलं नको आन् घट्टबी नको." एसटीत ते पुढं बसले, मी मागं बायकांत. लेथवाल्यानं दोन पिना काढल्या, कारण एक बदलली तर दुसरीही बदलावी असं आमचं ठरलं होतं. पहिल्या वेळी वजन घट्ट बसलं. मी फिरवून बघितलं आणि मान हलवली. लेथवाल्यानं मामंजींकडं बघितलं. मामंजी म्हणाले, "ती न्हाई म्हनती." त्यानं पिन परत घासली. मग वजन सहज फिरलं, आणि हलवलं तरी खडखडलं नाही.

घरी येऊन सगळं उलट्या क्रमानं बसवलं. सळीची लांबीही नीट केली. वेगाचा दांडा पूर्ण पुढं असला की झडप पूर्ण उघडी हवी, म्हणून सळीच्या टोकाचे आटे अर्धा अर्धा फेरा फिरवत आम्ही ती जुळवली. आत्याबाई भाकरी घेऊन आल्या होत्या. त्या बांधावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता न्हाई चाललं तर मी ह्याला हळदकुंकू लावून इरीत ढकलते."

मामंजींनी हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. एकदा वर गेलं, खाली आलं आणि थांबलं. एका चालीवर थांबलं. पट्टा चढवला. चरक फिरायला लागला. गुळव्या उठून बसला. मामंजींनी पहिला ऊस घातला, मग दोन, मग मूठभर एकदम. इंजिनाचा आवाज जरा दाटला आणि लगेच भरून आला. पट्टा सरळ पळत होता, थरथर नाही.

तरी मामंजींचं समाधान होईना. "आता ऊस एकदम बंद करा," ते चरकावरच्या माणसाला म्हणाले, "आन् समदी लांब व्हा." ते स्वतः बटणापाशी उभे राहिले. ऊस बंद झाला. चरक रिकामा झाला, भार गेला. इंजिनानं एक उसळी घेतली.  आणि ते आपणहून खाली आलं, जागेवर आलं, संथ चालायला लागलं. कुणी हात न लावता.

"झालं," मामंजी म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "झालं न्हवं?"

"व्हय, मामंजी."

गुळव्यानं बोचकं सोडलं आणि चुलाण पेटवलं. त्या हंगामात आमचा सगळा ऊस तिथंच गाळला. पट्टा नंतरही एकदोनदा उतरला, पण उतरला की इंजिन मुकाट्यानं आपल्या चालीवर येऊन उभं राहायचं. मालक रजेवर आले तेव्हा बायको आपल्या बापाशी, म्हणजे सून सासऱ्याशी, अंगणात बसून तेलाबद्दल बोलते आहे हे बघून ते उंबऱ्यातच थबकले. आत्याबाईंनी त्यांना हात धरून आत ओढलं. "उगं ऱ्हा. त्येंचं चालू हाय," म्हणाल्या.

उन्हाळ्यात शेजारच्या वाडीतला एक शेतकरी आला. त्याच्या विहिरीवरचं पाण्याचं इंजिन झुलत होतं. सोप्यात बसून त्यानं मामंजींना विचारलं, "तुमी येऊन बगता का?"

"मी येकटा येऊन काय करू?" मामंजी म्हणाले. "आमी दोगं येतो."

सकाळी न्याहारी करून आम्ही निघालो. मामंजी पाने घेऊन पुढं, मी फडकी आणि रॉकेलचा डबा घेऊन मागं. विहिरीवर माणसं जमली होती. बाई आली म्हणून काहीजण हसले, काहीजण बघत राहिले. मी पदर खोचला आणि झडप हातात धरली. ह्या वेळी हात स्थिर धरूनही इंजिन झुलतच राहिलं. म्हणजे दोष इंजिनातच होता, आमच्या ओळखीच्या जागी नव्हता. दिवसभर खोलून, धुऊन, बसवून बघितलं. जमलं नाही. ऊन कललं तसे आम्ही हात धुतले.

"उद्या येतो," मामंजी त्या शेतकऱ्याला म्हणाले आणि पाने तिथंच विहिरीवर ठेवून आम्ही घरी आलो.